रिकामे भांडे

गेल्या आठवड्यात श्टुटगार्टहून सुनेचा फोन आला. दिवाळीला दोघे येणार आहेत. तिकडची थंडी, रजा, विमानाची वेळ असे सगळे बोलून झाल्यावर तिने नेहमीचा प्रश्न विचारला, "अहो आई, तुमच्यासाठी काय आणू?" आणि मीही नेहमीचेच उत्तर दिले, "काही नको गं. तुम्ही या, म्हणजे झालं."

फोन ठेवला आणि माझे मलाच हसू आले. हे उत्तर माझे नव्हे. ते मी माझ्या सासूबाईंकडून उचलले आहे. सतरा-अठरा वर्षे त्या मला हेच उत्तर देत होत्या आणि सतरा-अठरा वर्षे मी त्यावर मनातल्या मनात चरफडत होते. आता पात्रे बदलली, संवाद तोच राहिला.

आपल्याकडे 'नको' या शब्दाइतका फसवा शब्द दुसरा नसेल. पाहुणा चहा 'नको' म्हणतो आणि आपण आधण ठेवतो. पंक्तीत 'नको, नको' म्हणत पानावर हात आडवा धरला जातो, पण बोटांच्या फटीतून एखादा लाडू उतरायला जागा असतेच. ही भाषा दोघांनाही कळते, म्हणून तिथे काही बिघडत नाही. सासूबाईंचे 'काही नको' मात्र कठीण. त्याचा अर्थ खरोखरच काही नको असा असेल. 'मला काय आवडते ते तुला इतक्या वर्षांत कळले का, पाहू' असाही असेल. किंवा 'हवे तर पुष्कळ आहे, पण तुझ्याजवळ मागायची नाही' असा असेल. परदेशातल्या दुकानात हातात काहीतरी घेऊन उभ्या असलेल्या सुनेने यांतला कोणता अर्थ धरायचा?

मी १९७३ साली लग्न होऊन इंग्लंडला गेले. बर्मिंगहॅमला यांची नोकरी होती. तिकीट महाग, म्हणून आम्ही तीन-तीन वर्षांनी घरी येत असू. तेही नाताळची सुट्टी साधून, म्हणजे संक्रांतीपर्यंत राहता येई. सासर वाईचे. कृष्णेच्या काठी, गणपती घाटापासून हाकेच्या अंतरावर जुना वाडा. तिथे मामंजी, सासूबाई, थोरले दीर आणि थोरल्या जाऊबाई. सासूबाईंना सगळे घर 'माई' म्हणे.

त्या काळी विमानात माणशी वीस किलो सामान नेता येई. त्या वीस किलोंची तयारी माझ्या घरी सहा-सहा महिने आधी सुरू होई. पुतण्यांना काय, दिरांना काय, यांची उत्तरे सापडत. माईंसाठी काय, हा प्रश्न शेवटच्या आठवड्यापर्यंत लोंबकळत राही. त्या नऊवारी नेसत, सोवळ्याने स्वयंपाक करीत. अत्तर लावत नसत, पर्स वापरत नसत, अंड्याची शंका असलेले बिस्किट तोंडात घालत नसत. मग मी लव्हेंडरच्या साबणाच्या वड्या, थर्मास, विजेरी, लोकरीचे कपडे असे काहीबाही नेत असे. परदेशी वस्तू तेव्हा इथल्या बाजारात सहजासहजी मिळत नसे, त्यामुळे तिला मोठा मान. साबणाचा कागदसुद्धा वास आहे म्हणून कपाटातल्या लुगड्यांच्या घड्यांत जाऊन बसे.

आज तटस्थपणे पाहते तेव्हा वाटते, त्या वस्तू निवडताना माझ्या मनात माई किती होत्या आणि मी स्वतः किती होते? मामंजींच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले तेव्हा मी तिथे नव्हते. माई दोन महिने अंथरुणाला खिळल्या तेव्हा नव्हते. गौरी-गणपती, श्राद्धपक्ष, घरातली आजारपणे या सगळ्यांत धाकट्या सुनेची जागा रिकामी होती. ती बोच मनात असे, आणि ती जितकी तीव्र तितकी खरेदी महाग. भेट म्हणून मी जे नेत होते ते वास्तविक हप्ते होते. हप्ता भरणाऱ्याला पावती हवी असते. माईंनी ती वस्तू वापरावी, चारचौघींना दाखवावी, 'धाकटीनं आणलंय' असे म्हणावे, ही माझी पावती.

१९७९ च्या खेपेला मी माईंसाठी स्कॉटलंडची शुद्ध लोकरीची शाल नेली होती. करड्या रंगाची, मऊसूत. घरखर्चातून वाचवून, सेल लागेपर्यंत थांबून घेतलेली. १९८२ साली पुन्हा वाईला गेले आणि पहिल्याच पहाटे पाहते तो काय, तुळशीला पाणी घालणाऱ्या थोरल्या जाऊबाईंच्या अंगावर ती शाल! मी काही बोलले नाही. पुढे संक्रांतीचे हळदीकुंकू झाले. माईंनी वाण काय लुटावे? मी त्या वर्षी आणलेल्या साबणाच्या वड्या! आळीतल्या दोन डझन बायका लव्हेंडरचा वास घेत, हसतबोलत घरी गेल्या. माझ्या घशाशी आवंढा आला.

रात्री निजानीज झाल्यावर माई वाती वळत बसल्या होत्या. मी जवळ जाऊन विचारले, "माई, ती शाल तुम्हाला आवडली नव्हती का?"

"आवडली होती की," त्या म्हणाल्या. "आवडली म्हणून तर तिला दिली. नावडतं का कुणाला द्यावं?"

मी गप्प. दोन-चार वाती वळून झाल्यावर त्या पुन्हा बोलल्या.

"तू तीन वर्षांनी येतेस. आलीस की चार घरची माणसं भेटायला येतात, विलायतेची सून म्हणून कौतुक होतं. होऊ दे, मलाही बरं वाटतं. पण ही रोज पहाटे उठते. मी पडले होते तेव्हा दोन महिने हिनं माझं सगळं केलं. हिला कोण काय देतं? माझ्या हातात तरी होतं काय द्यायला? तू शाल आणलीस, म्हणून मला तिला काही देता आलं."

मला त्या रात्री झोप आली नाही. माईंच्या संसाराला तेव्हा चाळीस वर्षे होऊन गेली होती. त्या घरातले धान्य त्यांनी निवडले, ताक घुसळले, पोरे वाढवली. पण तिजोरीची किल्ली मामंजींच्या जानव्याला. कुणाला काही द्यायचे झाले तर 'त्यांना विचारून'. अशा बाईच्या हातात आयुष्याच्या उतरणीला पहिल्यांदा काही तिचे स्वतःचे आले, आणि तिने पहिली गोष्ट केली ती ते देऊन टाकण्याची. मी मात्र तिच्या अंगावर शाल शोधत होते.

आपण शहाणे झालो असे समजून १९८५ साली मी दोन स्वेटर नेले, अगदी एकसारखे. एक माईंना दिला, एक जाऊबाईंच्या हातात ठेवला. जाऊबाई हरखल्या. माईही हसल्या. पण संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "दोघींना आणलंस, चांगलं केलंस. पण आता मी तिला काय देऊ?"

त्यानंतर मी जे नेले ते सगळे माईंच्या हातात ठेवले. कुणाला काय द्यायचे ते त्यांनी ठरवायचे. बॅग उघडून त्या पाटावर बसत आणि एकेकाला हाक मारून वाटणी करीत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो तृप्तपणा दिसे तो कुठल्याही शालीने आला नसता.

यातून एक प्रश्न उरतो आणि तो मला आजही सोडत नाही. दिलेली वस्तू कुणाची? व्यवहाराचे उत्तर सोपे आहे: ज्याला दिली त्याची. पण आपण देतो तेव्हा तिला एक अदृश्य दोरा बांधून देतो. ती कशी वापरावी, कुठे ठेवावी, कुणाला सांगावे, हे आपण त्या दोऱ्याने ओढत राहतो. 'मी दिलेलं घड्याळ दिसत नाही हातात?' हा प्रश्न प्रेमाचा वाटतो. पण तो सावकाराचाही असतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची आशा न धरता योग्य माणसाला योग्य वेळी दिलेले ते सात्त्विक. परत काही मिळावे म्हणून किंवा जिवावर येऊन दिलेले ते राजस. अपमान करून, अस्थानी दिलेले ते तामस. माझी शाल या वर्गवारीत कुठे बसते, ते वाचकांना सांगायला नको. परंतु घरातल्या माणसांमधले देणेघेणे हे मुळी दान आहे का, अशीही मला शंका येते. आपल्या भाषेने त्यासाठी निराळे शब्द राखून ठेवले आहेत. ब्राह्मणाला दक्षिणा, भिकाऱ्याला भीक, संस्थेला देणगी. पण लग्नात आहेर, संक्रांतीला वाण, माहेरवाशिणीला ओटी, बहिणीला भाऊबीज, लहान मुलाला खाऊ. या दुसऱ्या रांगेतले शब्द एकतर्फी नाहीत. आहेराला परत आहेर असतो. आज जिने वाण दिले ती उद्या दुसरीच्या दारी वाण घ्यायला जाते. मौज अशी की मराठीत 'देणे' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत: हाताने देणे आणि डोक्यावरचे देणे, म्हणजे कर्ज.

मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली भेटवस्तूंवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात त्याने महाभारताच्या अनुशासनपर्वातल्या दानधर्माचाही विचार केला आहे. भेटीच्या पोटात तीन बंधने असतात, असे त्याचे म्हणणे: द्यावे लागते, घ्यावे लागते आणि फेडावे लागते. वाचले तेव्हा मला वाटले, हे सांगायला पॅरिसचा पंडित कशाला हवा? आमच्या आळीतली कुठलीही बाई हे सांगेल. शेजारणीकडून वाटीभर आमटी आली तर तिची वाटी कधी रिकामी परत जात नाही. काही नसले तर चिमूटभर साखर घालून ती परत करायची. रिकामे भांडे परत देऊ नये.

माई तर ही रीत विमानालाही लावीत. माझी बॅग वाईला रिकामी झाली की त्यांच्या ताब्यात जाई. मेतकूट, थालिपिठाची भाजणी, गोडा मसाला, आमसुले, कुरडया, सांडगे, वाईची हळद, लिंबाचे उपवासाचे लोणचे. वीस किलो आले, वीस किलो गेले. मला मात्र ती बरोबरी दिसत नव्हती. माझ्या लेखी माझी वस्तू ही 'भेट' आणि त्यांची ती 'पुड्या'.

एक गोष्ट इतक्या वर्षांत मी कुणाला सांगितलेली नाही. १९७६ साली परत जाताना सांताक्रूझच्या विमानतळावर बॅगेचे वजन जास्त भरले. मी सांडग्यांचा डबा आणि भाजणीची पिशवी बाहेर काढली आणि पोचवायला आलेल्या ओळखीच्या गृहस्थांच्या हातात दिली. मुंबईत हौसेने घेतलेल्या पितळी समया तेवढ्या बॅगेत राहिल्या. माईंनी पत्रात विचारले, 'सांडगे खुसखुशीत झाले होते का?' मी लिहिले, 'फारच छान.' त्यांनी माझी शाल त्यांच्या सगळ्यांत जवळच्या माणसाला दिली, याचा मला राग आला होता. मी त्यांचे सांडगे दिले ते कुणाला, तर ज्याचे नावही आज मला आठवत नाही अशा माणसाला.

आता माझ्या 'काही नको'कडे वळते. ते मी का म्हणते? त्याचे एक कारण जुने आहे. १९६६ साली माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न झाले. विहीणबाईंच्या मानाची यादी आमच्या घरी आली. चांदीचे तांब्याभांडे, अमुक इतकी लुगडी, तमुक इतके पानसुपारीचे. हुंड्याला बंदी करणारा कायदा १९६१ सालीच झाला होता. पण त्या यादीवर 'हुंडा' हा शब्द नव्हता. 'हौस' हा होता. वडिलांनी त्या हौसेचे कर्ज सात वर्षे फेडले. पुढे १९८४ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि भेट व हुंडा यांच्यामधली रेघ 'मागणी' या शब्दावर ओढली गेली: न मागता दिलेल्या भेटी चालतील, त्यांची यादी ठेवावी. सून मला एकदा म्हणाली होती की इंग्रजीत भेटीला जो 'गिफ्ट' शब्द आहे, त्याचा जर्मन भाषेत अर्थ विष असा होतो, आणि हुंड्याला तिकडे म्हणत ते 'मिटगिफ्ट'. भाषा कधीकधी माणसांपेक्षा खरे बोलतात.

ती यादी पाहिल्या दिवसापासून मी मनाशी ठरवले होते, आपण सासू झालो तर सुनेजवळ कधी काही मागायचे नाही. आजवर मागितले नाही. पण त्या प्रतिज्ञेत थोडा अहंकारही शिरला आहे, हे मला परवा फोन ठेवल्यावर जाणवले. मी कुणाचे काही घेत नाही, असे म्हणणारा माणूस स्वतः कायम देणाऱ्याच्या उंच पाटावर बसतो आणि समोरच्याला खाली बसवतो. मी चकल्या करून पाठवणार, लोणची पाठवणार. ती 'काय आणू' म्हणाली की मात्र 'काही नको'. मग ती बिचारी दर वेळी दुकानाच्या काचेसमोर उभी राहून माझे मन अजमावत असणार. गेल्या खेपेला तिने आणलेले चॉकलेट आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, हे तिलाही ठाऊक होते. आयातीवरची बहुतेक बंधने २००१ सालापर्यंत उठली, तेव्हापासून 'परदेशातून आणलेले' एवढ्यावरच कौतुक होण्याचे दिवस संपले. आता वस्तूला मान राहिला नाही. मान उरला तो ओळखीला. आणि ओळख व्हायची तर एकाने विचारावे आणि दुसऱ्याने खरे उत्तर द्यावे.

मागणे आणि मागणी यांत फरक आहे, असे मला आता वाटते. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्यापुढे हात पसरला, तर ती मागणी. मग भाषा कितीही गोड असो. जिथे समोरचा मोकळेपणाने 'या खेपेला जमणार नाही' म्हणू शकतो आणि आपल्या कपाळाला आठी पडत नाही, तिथले मागणे हा विश्वास आहे. माझ्या बहिणीच्या सासरी पहिले होते. माझ्या घरी दुसरे असू शकेल की नाही, हे माझ्याच हातात आहे.

दुसऱ्या दिवशी मीच सुनेला फोन केला.

"मला एक वस्तू हवी आहे," मी म्हणाले. पलीकडे क्षणभर शांतता. तिला वाटले असेल, काहीतरी बिघडले. "गोधड्या शिवायला मला चांगली कात्री पाहिजे. जुन्या साड्यांचे चार थर एकदम कापले पाहिजेत. माझी कात्री आता कापत नाही, चावते. बोटंही दुखतात. तुमच्याकडे झोलिंगन म्हणून गाव आहे ना, चाकू-कात्र्यांचं? तिथली आण. महाग असली तर राहू दे."

"अहो आई," ती एवढी मोठ्याने हसली की फोन कानापासून दूर धरावा लागला. "आठ वर्षं विचारतेय मी तुम्हाला!" मग जरा थांबून म्हणाली, "पण इकडे म्हणतात, चाकू-कात्री भेट देऊ नये, माया तुटते."

"आपल्याकडे नाही का हातावर मीठ-मिरची देत नाहीत, भांडण होतं म्हणून," मी म्हणाले. "मग तिकडची माणसं करतात काय?"

"घेणाऱ्यानं देणाऱ्याला एक नाणं द्यायचं. म्हणजे ती भेट राहत नाही, विकत घेतल्यासारखं होतं. मग काही तुटत नाही."

मला आपल्या आहेराच्या पाकिटावर चिकटवलेला तो एक रुपया आठवला. एकशे एक, पाचशे एक. शंभरात किंवा पाचशेत काय कमी असते? पण तो वरचा एक सांगतो की हिशेब इथे मिटला नाही, पुढे चालू आहे. जर्मनीतले ते नाणे सांगते की तू दिलेस, मीही दिले, आता कुणी कुणाच्या ओझ्याखाली नाही. दोन्ही नाणी माईंना कळली असती. त्या काही विकत घेऊ शकत नव्हत्या, म्हणून माझी शाल त्यांनी जाऊबाईंना दिली आणि माझी बॅग सांडग्यांनी भरली.

दिवाळीला सून येईल तेव्हा मी तिच्या हातावर एक रुपया ठेवणार आहे. परत जाताना तिच्या बॅगेत एक गोधडी जाईल. तिचे वजन दीड-दोन किलो भरेल. या खेपेला मी आधी विचारणार आहे, "नेशील का गं? जागा नसेल तर नको म्हण." ती 'नको' म्हणाली तरी मला ते ऐकता आले पाहिजे, कारण विमानतळावर बॅग उघडून काय बाहेर काढले जाते, हे माझ्याइतके चांगले दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?